बसायला हरकत नाही

अंबादासराव बारमध्ये जायचे ते सकाळी अकराला. इस्त्रीचा सफारी, पायात चामडी चप्पल, खिशाला लाल आणि निळं अशी दोन पेनं. बारचं शटर अर्धं वर गेलेलं असायचं, खुर्च्या टेबलांवर उलट्या पडलेल्या असायच्या, आणि हा गृहस्थ वाकून आत शिरायचा.

"अहो, लोक संध्याकाळी जातात," मी एकदा म्हटलं.

"संध्याकाळी दिवे लावलेले ऱ्हातात, ताई. दिव्यात सगळेच बार चांगले दिसतात. फरशी पुसताना बघावं. बाई पुसायली का नुस्तं पाणी फिरवायली, ते तवाच कळतं."

आता मी स्वभावानंच संशयी. भाजीवाल्याच्या तराजूखाली हात घालून बघणारी. दूधवाल्याला "आज पाणी आटलं वाटतं" असं तोंडावर विचारणारी. त्यामुळे दारूचा थेंब न घेणारा माणूस सकाळी अकराला बारमध्ये जातो, हे ऐकूनच माझ्या कपाळाला आठी पडली होती. ती पुढं दोन वर्षं हलली नाही.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमच्या दैनिकाची कचेरी होती. मी रविवारची पुरवणी बघायचे. अंबादासराव खालच्या मजल्यावर प्रूफं तपासायचे. मूळचे चितेगावचे. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते पाटी घेऊन शाळेत जायला लागले होते. आधी उजवीकडून लिहायचं उर्दूचं अलिफ-बे गिरवलं आणि मागाहून ग म भ न. म्हणूनच की काय, ते प्रूफ उलटं वाचायचे. शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या आधीचा, असं करत मथळ्यापर्यंत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस काम करायचं सोंग करतोय.

"अहो, असं वाचून अर्थ काय लागणार?"

"अर्थ लागूच नाय द्यायचा, ताई. अर्थ लागला की माणूस पुढचं मनानंच वाचतो. मंग समोरची चूक दिसत नाय."

मी "बरं" म्हटलं आणि वर गेले. जिन्यात मनाशी म्हटलं, शहाणाच आहे.

त्या दिवसांत शहराभोवती कारखाने उभे राहिले होते. पुण्या-मुंबईचे साहेबलोक कामाला यायचे, लेणी बघून व्हायची, आणि संध्याकाळी काय करायचं हा त्यांना प्रश्न पडायचा. परमिट रूमच्या पाट्या तर रस्तोरस्ती लागल्या होत्या. आमच्या संपादकांच्या डोक्यात आलं, शहरातल्या बारची ओळख करून देणारं सदर काढू. नाव ठरलं 'बसायचं कुठं?'. पण लिहिणार कोण? आमच्या कचेरीतला निम्मा पुरुषवर्ग आठवड्याला 'बसणारा' होता. मात्र नाव छापायचं म्हटल्यावर एकेकाला घरचे आठवले. कुणाचे सासरे अंक वाचायचे, कुणाची आई. शेवटी खालून अंबादासराव आले आणि म्हणाले, "मी लिहितो. माझं नाव छापा."

सगळे हसले. मी नाही हसले. चहासुद्धा न पिणाऱ्या माणसाला बारचं काय एवढं अगत्य, हा प्रश्न मला त्याच दिवशी पडला.

त्यांचं लिखाण मात्र मी जपून ठेवलं आहे. स्टेशन रस्त्यावरच्या एका जुन्या बारवर त्यांनी पहिलं सदर लिहिलं, त्याचा शेवट असा होता: 'ग्लास दोन पाण्यांनी विसळतात. मोरीच्या दाराला आतून कडी आहे आणि ती लागते. बाहेर पडताना तीन पायऱ्या आहेत. त्यातली शेवटची उंच आहे, आणि लगेच रस्ता आहे. रस्त्यावर उजवीकडून ट्रक येतात. बसायला हरकत नाही.'

झालं. दारू कुठली, चकणा काय मिळतो, गाणी कुठली लावतात, एक अक्षर नाही. मी म्हटलं, हे काय बारचं वर्णन आहे? ही तर नगरपालिकेची नोटीस झाली! पण लोकांना ते आवडलं. 'बसायला हरकत नाही' हे तर शहरात बोलणंच होऊन गेलं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी पाटाकडं बघून म्हणायचं, बसायला हरकत नाही. अंबादासरावांनी एखाद्या बारचं केलेलं सर्वांत मोठं कौतुक तेच. त्याच्यापलीकडं ते कधी गेले नाहीत.

त्यांची बार बघायची रीत मला वेटरांकडून कळत गेली. आधी मोरी. मग टेबलाच्या खालच्या बाजूनं बोट फिरवायचं. मग प्रत्येक दाराची कडी लावून, दोनदा ओढून बघायची. फॅमिली रूमच्या दाराची तर हटकून. शेवटी एक सोडा मागवायचा, तो निम्मा प्यायचा, आणि मॅनेजरला बाजूला घेऊन पाच-दहा मिनिटं हळू आवाजात बोलायचं.

ही शेवटची पाच-दहा मिनिटं माझ्या मनात घर करून बसली. बोलायचं तर चारचौघांत बोला ना! बाजूला कशाला घेता?

मग एका मोठ्या हॉटेलानं डिस्को काढला. शहरातला पहिलाच. उद्घाटनाला कोण कोण गेलं होतं म्हणे. अंबादासराव आपले अकराला गेले. झाडणारी मावशी आणि ते, दोघंच. सदर आलं: 'फरशीत दिवे आहेत. ते बंद केले की फरशी फरशीसारखीच दिसते. नाच पाहता आला नाही. बाहेर पडायला एकच दार आहे. स्वयंपाकघराकडे दुसरं आहे, पण त्याला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही. तूर्त बसू नये.'

हॉटेलचा मॅनेजर फोनवर माझ्यावर असा खेकसला की बास! पुढच्या आठवड्यात कुलूप निघालं, आणि अंबादासरावांनी तीन ओळी लिहिल्या, 'दुसरं दार उघडलं आहे. बसायला हरकत नाही.' सगळ्यांनी वाहवा केली. मी मात्र माझ्या डायरीच्या मागच्या पानावर नोंद केली. आधी वाईट लिहायचं, मग बाजूला घेऊन बोलायचं, मग चांगलं लिहायचं. ह्याला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक होतं.

त्यात एक गोष्ट अशी की जालना रोडवरच्या हिरव्या काचांच्या बारवर त्यांनी कधीच लिहिलं नाही. शहरातला सगळ्यांत मोठा बार, आमच्याकडं दर रविवारी पाव पान जाहिरात. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच.

"त्यांचं अजून जमंना, ताई."

"काय जमेना?"

"जमलं की लिहितो."

काय जमेना, हे मला न सांगताच कळलं, असं मला वाटलं.

आणि मग पाकिटं यायला लागली. दर सोमवारी दुपारी कुठल्या ना कुठल्या बारचा वेटर यायचा आणि प्रूफांच्या टेबलावर खाकी पाकीट ठेवून जायचा. चांगलं जाडजूड. अंबादासराव ते ड्रॉवरमध्ये टाकायचे आणि जेवणाच्या सुट्टीत खिशात घालून बाहेर पडायचे. तासाभरानं परत यायचे ते घामेघूम, आणि पाकीट रिकामं. स्टेशनजवळच्या बारचे रफिकभाई तर इतके नेमानं यायचे की शिपाई त्यांना पाणी द्यायला लागला होता.

सहा सोमवार मी नुसतं बघितलं. सातव्या सोमवारी संपादकांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, अंबादासराव पाकिटं घेतात. बारवाल्यांकडून. लिहिण्याच्या बदल्यात."

साहेब भला माणूस. म्हणाले, "बाई, तुम्हाला घरात तरी कुणाचा संशय येत नाही ना?"

मी म्हटलं, "घरात संशय घेण्यासारखं काही नाही."

आणि ते खरंच होतं, माझ्यापुरतं. आमचे हे सरकारी कचेरीत हेडक्लार्क. शांत, जेवून झालं की बडीशेप चघळत बसणारे. त्यांचा एकच त्रास, त्यांची स्कूटर. महिन्यातून दोन शनिवार तरी ती बंद पडायची, मेकॅनिककडं टाकावी लागायची, आणि हे रिक्षानं उशिरा घरी यायचे. कार्बोरेटरचं दुखणं, असं म्हणायचे. मी त्या मेकॅनिकला कधी बघितलं नव्हतं, पण तो मुद्दाम अर्धवट काम करतो याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, आणि कचेरीत मी ते बोलूनही दाखवायचे.

अंबादासरावांना वर बोलावलं. साहेबांनी सरळ विचारलं, "पाकीट घेता?"

"व्हय, घेतो."

"लिहिण्याच्या बदल्यात?"

"व्हय. तसंच म्हणा."

मी साहेबांकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं ते मला आज आठवलं तरी कसंतरी होतं.

अंबादासरावांनी खिशातलं पाकीट काढलं आणि साहेबांच्या टेबलावर उपडं केलं. किल्ल्या! मोटारसायकलींच्या, स्कूटरच्या, लुनाच्या. प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, वर नाव आणि कचेरी.

"माझं बारवाल्यांना एकच सांगणं ऱ्हातं," ते म्हणाले. "गल्ल्याच्या मागं एक फळी ठोका. फळीला खिळे मारा. गाडीवर आलेल्या माणसानं आधी किल्ली खिळ्याला लावायची, मंग बसायचं. उठताना पाय सरळ पडला तर किल्ली घेऊन जा. नाय पडला तर रिक्षा. गाडी तिथंच. जो फळी ठोकील त्याच्यावर लिहितो. हिरव्या काचावाला म्हणतो, माझं गिऱ्हाईक बिथरंल. म्हणून त्याच्यावर लिहीत नाय."

"आणि ह्या किल्ल्या?"

"दुसऱ्या दिवशी निम्मे लोक लाजंनं येतच नाहीत न्यायला. गाडी बारच्या दारात उभी. घरचे इचारतात, गाडी कुठाय. मंग मी नेऊन देतो हपिसात. कुणाला कळू देत नाय."

साहेब खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "अहो, हे तर चांगलंच काम आहे. मला आधी सांगायचं होतंत." बाजी पालटली होती. मी मुकाट्यानं खाली बघायला हवं होतं. खाली बघितलंही, आणि तिथंच घोटाळा झाला.

कारण त्याच क्षणी अंबादासरावांचा उजवा पंजा टेबलावर पडला. पटकन, डास मारावा तसा. पंजाखाली एक किल्ली होती.

"ते काय आहे?" मी विचारलं.

"किल्लीच हाय."

"मग झाकली कशाला? हात उचला."

"नाय उचलत, ताई."

"साहेब, बघा! बाकीच्या दाखवल्या आणि हीच का झाकायची? हिच्यात काहीतरी आहे. हात उचला, अंबादासराव."

साहेबही जरा सावध झाले. "उचला की. किल्लीच आहे ना?"

"बाकी सगळं बघा, साहेब. ही एक माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. कपाळावर घाम आला होता. घाबरलेला माणूस दिसतो तसेच ते दिसत होते, आणि घाबरलेला माणूस मला नेहमीच दोषी वाटत आला आहे.

हात काही उचलला नाही. साहेब म्हणाले, "मग मला सदर बंद करावं लागेल, अंबादासराव. लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"करा," ते म्हणाले. मूठ आवळून, किल्लीसकट हात खिशात घातला, दुसऱ्या हातानं बाकीच्या गोळा केल्या आणि जिना उतरून गेले.

सदर बंद झालं. कचेरीत ज्याला जे कळायचं ते कळलं, म्हणजे उलटंच कळलं. खालून वर प्रूफ आलं की कुणीतरी म्हणायचं, "पाकिटात घालून दिलं नाही वाटतं?" अंबादासराव ऐकायचे आणि पुढचं प्रूफ उलटं वाचायला घ्यायचे. मला समाधान वाटलं. कशाला खोटं बोलू, चांगलंच समाधान वाटलं.

चार महिन्यांनी साहेबांनी सदर पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि मला म्हणाले, "आता तुम्हीच बघा. तुमचा कुणावर विश्वास नाही, तेव्हा स्वतः जाऊन या." बाईमाणसानं बारमध्ये जायचं? पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. आणि गेले ती सकाळी अकराला गेले. त्यांचीच वेळ मला सोयीची वाटली, हेही खरं.

स्टेशनजवळच्या बारमध्ये रफिकभाई खुर्च्या खाली उतरवत होते. मला बघून त्यांनी पंख्याचं बटण दाबलं आणि एक खुर्ची दोनदा पुसून दिली. गल्ल्यामागं ती फळी होती. तीन रांगांत खिळे, खाली कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. अक्षर बघताक्षणी ओळखलं. असं टपोरं अक्षर आमच्याकडं एकाच माणसाचं होतं.

"ये कब लगाया?" मी विचारलं.

"बहुत साल हुए, बाई. सबसे पैले हमारे इधरिच लगा. अंबादासभाई खुद ठोके." ते खुर्ची धरून उभे राहिले. "पैले दोनों भाई आते थे इधर. छोटा भाई नई मोटारसायकल लिया था. खूब पिया उस दिन. अंबादासभाई बोले, चितेगाव कितना दूर है, आहिस्ता जाता. चाबी खुद इनोच दिये उसके हाथ में. पैठण रोड पे ट्रक..." त्यांनी पुढचं बोटांनीच दाखवलं. "उसके बाद एक बूँद नई पिये. गाडी को तो पाँव नई लगाते, पैदलिच फिरते."

मी फळीवरची नावं वाचायला लागले. सवयीप्रमाणं डावीकडून. दुसऱ्या रांगेतल्या चौथ्या पट्टीवर आमच्या ह्यांचं नाव होतं. खाली कचेरीचं नाव, बरोबर. आणि त्या खिळ्याला परवाच्या शनिवारची किल्ली लटकत होती. दाराशी उभ्या असलेल्या गाड्यांकडं मी आत येताना बघितलंही नव्हतं. तिला हिमरू कापडाच्या तुकड्याचा एवढासा आंबा होता, आत कापूस भरून मीच शिवलेला. असा आंबा शहरात दुसरा नव्हता.

"ये साब कब से आते?"

"पुराने गिऱ्हाईक. शनिवार को. भोत शरीफ आदमी. दो पेग के बाद रोते थोडा, बस." रफिकभाई हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. "आप पैचानते क्या?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मला माहीत नाही. खुर्चीत बसले, आणि तो पंजा माझ्या डोळ्यांपुढं आला. टेबलावर पडलेला, घामेजलेला, आणि मी त्याच्यावर ओरडतेय, हात उचला! साऱ्या गावावर संशय घेतला मी. दूधवाल्यावर, भाजीवाल्यावर, ज्याचं तोंडही बघितलं नव्हतं त्या मेकॅनिकवर. आणि ज्या माणसानं स्वतःचं नाव घालवून माझं घर झाकलं, त्याला मी चारचौघांत चोर ठरवलं. मला माझी इतकी लाज वाटली की रफिकभाईंसमोरच डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी न मागता सोडा आणून ठेवला. मी तो निम्माच प्यायले.

कचेरीत आले ती थेट खाली गेले. अंबादासराव प्रूफावर वाकले होते.

"उचलायचा होतात ना हात," मी म्हटलं. "मला कळलं असतं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. सगळं समजलं त्यांना. "साहेबांच्या पुढं कळलं असतं, ताई. मंग तुम्ही वर कशा बसल्या असत्या रोज?"

मी माफी मागितली. साहेबांना सगळं सांगितलं, माझ्या घरचंसुद्धा. सदर पुन्हा तुम्हीच लिहा, म्हणून साहेब स्वतः जिना उतरून खाली गेले. अंबादासरावांनी हात जोडले. "आता एकोणीस बारमध्ये फळ्या झाल्यात. लिहिलं नाय तरी चालतं," म्हणाले, आणि साहेबांनाच खुर्ची दिली.

घरी काय झालं ते इथं सांगत नाही. ह्यांनी देवापुढं हात जोडून शपथ घेतली. मी विश्वास ठेवला.

पुढच्या वर्षी अंबादासराव निवृत्त झाले. शाल-नारळ झालं. भाषण करा म्हटलं तर त्यांनी सभागृहाच्या मागच्या दाराकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "त्याची कडी बसत नाय, तेवढी बसवून घ्या." पडेगावला मुलीकडं राहायला गेले एवढंच कानावर आलं.

त्यानंतर दीडेक वर्षानं, एका रविवारी सकाळी, मी स्वयंपाकघरातून बाहेर बघितलं. हे अजून झोपले होते. रात्री स्कूटर बंद पडली म्हणून रिक्षानं आले होते. फाटकातून एक माणूस स्कूटर ढकलत आत येत होता. अंबादासराव. सफारी तीच, अंगावर ढगळ झालेली. बारपासून आमचं घर चांगलं चार मैल, आणि उन्हं वर आलेली. त्यांनी आवाज न करता स्कूटर स्टँडवर लावली, सीटवरची धूळ रुमालानं पुसली, आणि किल्ली हँडलला अडकवणार तेवढ्यात मी दार उघडलं.

त्यांची मूठ झटकन मिटली. हिमरूच्या आंब्याचं टोक तेवढं बोटांतून बाहेर राहिलं होतं.

"मेकॅनिककडं होती, ताई," ते म्हणाले. उभ्या आयुष्यात हा माणूस कधी खोटं बोललेला मी ऐकला नव्हता, आणि जमतही नव्हतं त्यांना. "कार्बोरेटर हो. तोच तरास."

"व्हय, कार्बोरेटरच असणार," मी म्हटलं आणि हात पुढं केला. "द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मूठ उघडली आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. चहा घेत नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून मी पाणी आणलं. ते उभ्यानंच प्यायले, तांब्या पायरीवर ठेवला, फाटकाबाहेर गेले, आत हात घालून कडी लावली आणि दोनदा ओढून बघितली. मग पायीच मोठ्या रस्त्याकडं लागले. त्यानंतर ते मला कधी दिसले नाहीत.

आतून ह्यांचा आवाज आला, "कोण आलं होतं गं?"

"तुमचा मेकॅनिक," मी म्हटलं. "आजपासून किल्ली माझ्याकडं राहील म्हणाला."